भाऊ फर्लोवर येतो तेव्हा

माझा धाकटा भाऊ खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगतो आहे. वर्धा रोडवरच्या नागपूर मध्यवर्ती कारागृहात. 2012 साली उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत पोट्ट्यांच्या दोन टोळक्यांत भांडण झालं, चाकू निघाले आणि एक मुलगा मेला. धाकटा तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याने वार केला की नाही यावर मी इथे काही म्हणत नाही. कोर्टाने निकाल दिला, तो आम्ही मानला. मी सांगतो ते त्यानंतरचं, म्हणजे तो रजेवर घरी यायला लागला तेव्हाचं. रजेच्या कामासाठी जेलच्या गेटवर थांबलेले लोक मला विचारतात की अर्ज कसा करायचा, किती दिवसांत होतो, पैसे किती भरावे लागतात. माणूस घरी आल्यावर काय होतं, हे फारसं कोणी विचारत नाही.

आधी रजेबद्दल थोडं. महाराष्ट्रात फर्लो आणि पॅरोलचे नियम तेव्हा 1959 चे होते, त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या होत्या. फर्लो म्हणजे संचित रजा. तिला वेगळं कारण द्यावं लागत नाही. ठरावीक काळ शिक्षा भोगली आणि वागणूक नीट असली की अर्ज करता येतो. कारागृह उपमहानिरीक्षक ती मंजूर करतात. आपल्याकडे पूर्व विभागाचं कार्यालय नागपुरातच आहे. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. तिला कारण लागतं, घरातलं गंभीर आजारपण वगैरे. मोठा फरक असा की फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. पॅरोलवर बाहेर जितके दिवस राहिला तितके आत जास्त काढावे लागतात. हा फरक आम्हाला फार उशिरा कळला.

धाकट्याचा पहिला फर्लोचा अर्ज नामंजूर झाला. अर्ज केला की पोलिसांचा अहवाल मागवतात. अंमलदार घरी येतो, जामीनदाराचं म्हणणं लिहून घेतो, शेजाऱ्यांना विचारतो, मेलेल्या माणसाच्या घरच्यांनाही विचारतो. त्या घरच्यांनी लिहून दिलं की हा सुटला तर आमच्या जिवाला धोका आहे. अहवालात 'शांतता भंग होण्याची शक्यता' असं आलं. मला तेव्हा खूप राग आला. विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो असं जेलमध्ये कळलं होतं, तशी एक वकील मॅडम मिळाली. तिने सिव्हिल लाइन्सला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात याचिका टाकली. नुसत्या शक्यतेवर रजा अडवता येत नाही, या मुद्द्यावर रजा मिळाली. तीन आठवड्यांची. 2018 चा ऑक्टोबर होता, दिवाळी तोंडावर.

जामीनदार मीच. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, तिथला परवाना, घराची टॅक्स पावती, आधार, सगळं दिलं. रोख अनामत भरली. मुचलक्यावर सही केली. अटी वाचून दाखवल्या: दिलेल्या पत्त्यावरच राहायचं, ठाण्यात हजेरी लावायची, विनापरवानगी बाहेर जायचं नाही, ठरल्या दिवशी संध्याकाळच्या आत गेटवर हजर व्हायचं. पत्ता अर्थातच आमच्या घराचा, वस्तीतला. दुसरा पत्ता देता येतो हे तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हतं. आईला पोरगा घरी पाहिजे होता.

सुटायच्या दिवशी मी ऑटो घेऊन गेलो. गेटबाहेर पाहिलं तर वस्तीतली दहा-बारा पोरं मोटारसायकली घेऊन आधीच उभी. हार, गुलाल, मोबाईल वर धरलेले. त्यातली निम्मी पोरं धाकटा आत गेला तेव्हा शाळेत होती. त्यांनी त्याला ऑटोत बसूच दिलं नाही. चौकात फटाके फोडले. त्याचा व्हिडिओ काढला, वर गाणं लावलं, 'भाई वापस' असं काहीतरी लिहिलं. धाकटा हसत होता, पण मान खाली. मला वाटतं त्याला ते नको होतं आणि हवंही होतं. इतकी वर्षं कोणी त्याला हार घातला नव्हता.

त्या व्हिडिओत एका पोराने कमरेजवळ काहीतरी धरलेलं दिसत होतं. पिस्तुलाच्या आकाराचा लायटर होता, सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळतो तसला. मी तो नंतर हातात घेऊन पाहिला. पण व्हिडिओत तो लायटर आहे हे कळत नव्हतं. मागच्या दोन गल्ल्यांत, म्हणजे समोरच्या पार्टीच्या घरांत, तो रात्रीपर्यंत सगळ्यांनी पाहिला होता.

पहिले काही दिवस ठीक गेले. तो घरात झोपायचा. रात्री दिवा बंद करू द्यायचा नाही. जेलमध्ये बराकीत रात्रभर दिवा असतो, अंधारात झोप येत नाही म्हणाला. बाहेर पानठेल्यावर गेला की लोक उठून जागा द्यायचे. त्याचं त्याला बरं वाटायचं, मला नाही. पैसा त्याच्याकडे नव्हताच. जेलमधल्या कामाची मजुरी जमते ती किती. पोरं त्याला चहा-नाश्ता द्यायची, एकाने जुना मोबाईल दिला, एकाने जीन्स आणली. मी विचारलं की हे कशासाठी. तो म्हणाला, दोस्ती आहे.

मग एक दिवस दुकानात आला आणि म्हणाला, "दादा, तीस हजार पाहिजेत."

"कशाले?"

"मोबाईल घ्याचा आहे."

तीन आठवड्यांच्या रजेत तीस हजारांचा मोबाईल कोणी घेत नाही. मी काम थांबवलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि समोर बसवलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला की एक जण माऊझर आणून देऊन राहिला. आमच्याकडे कोणत्याही देशी पिस्तुलाला, म्हणजे कट्ट्याला, माऊझर म्हणतात, खरं माऊझर कोणी पाहिलेलं नसतं. नागपूरला हा माल बहुतेक मध्य प्रदेशातून येतो. बडवानी, खरगोन, बुऱ्हाणपूर भागातल्या गावांतून पकडलेल्या मालाच्या बातम्या आपण पेपरात वाचतोच. वस्तीत खरं तर चाकूच चालतो. पण चाकूवाल्याला जवळ यावं लागतं, आणि धाकट्याला कोणी जवळ यायलाच नको होतं.

"काहून पाहिजे तुले?" मी विचारलं.

"ते मले मारतीन."

"कोण म्हणे?"

"सोमवारी हजेरीले गेलो त तो तिथंच होता. पूर्ण वेळ पाहून राहिला माह्याकडे. बाहेर निघालो त गाडीवर मागं मागं आला, पार पुलापर्यंत."

'तो' म्हणजे मेलेल्या मुलाचा चुलतभाऊ. त्याच्यावर दुसरीच कोणती तरी मारामारीची केस होती, जामिनावर होता, आणि त्यालाही कोर्टाने ठाण्यात हजेरी लावायला सांगितलं होतं. वार सोमवार, वेळ सकाळची. दोघांचीही एकच. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, दोन वेगळ्या कागदांवर दोन वेगळ्या लोकांनी सोमवार लिहिला होता. पण आठवड्यातून एकदा ते दोघं एकाच बाकावर बसणार होते.

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा कोणाला मारायला निघालेला नाही. हा घाबरला आहे. आम्ही सगळे घाबरलो होतो ते त्याला, आणि तो घाबरला होता दुसऱ्याच कोणाला. मी रागावणार होतो, ते शब्द तोंडातच राहिले.

मी पैसे नाही म्हटलं. पण नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. पोरं उधारीवरही देतात, आणि उधारीवर आलेली वस्तू फेडायला मग काम करावं लागतं, कोणतं ते सांगायला नको. मी त्याच दिवशी वकील मॅडमकडे गेलो. तिने सरळ सांगितलं की कट्टा घरात सापडला तर आर्म्स ॲक्टचं कलम 3/25 लागेल. त्याची रजा रद्द होईल, पुढच्या रजा बंद होतील, आणि घर तुमच्या नावावर असल्याने तुम्हालाही उभं करतील. तेव्हा याला किमान एक वर्षाची शिक्षा होती. 2019 च्या डिसेंबरात कायदा बदलला, आता किमान दोन आणि कमाल पाच वर्षं आहे. मी हे सगळं रात्री धाकट्याला सांगितलं. त्याच्यावर फारसा परिणाम झाला नाही. जन्मठेपवाल्याला एका वर्षाची भीती दाखवून काय होणार? "तुमच्यावर पण केस होईन" हे ऐकल्यावर मात्र तो गप्प झाला. आईकडे पाहत बसला.

दुसऱ्या दिवशी तीन गोष्टी केल्या. त्यातल्या दोन जमल्या.

एक म्हणजे ठाण्यात गेलो. ठाणेदारांना भेटायची माझी हिंमत नव्हती, तिथल्या एका वयस्क हवालदाराला बाहेर चहाच्या टपरीवर गाठलं. कट्ट्याचं काही बोललो नाही, फक्त सांगितलं की दोन्ही पार्ट्यांची हजेरी एकाच वेळी येते, काही झालं तर ठाण्याच्या दारातच होईल. त्याने डोक्याला हात लावला. आत जाऊन रजिस्टर पाहिलं आणि धाकट्याची हजेरी गुरुवारी दुपारी करून टाकली. पाच मिनिटांचं काम होतं. त्या दिवसापासून मी त्याच्यासोबत जायला लागलो, माझ्याच स्कूटरवर, येताना-जाताना वेगळा रस्ता.

दुसरं म्हणजे पत्ता बदलून मागितला. माझी बहीण काटोल तालुक्यात दिली आहे, भाऊजींची संत्र्याची बाग आहे. उरलेली रजा तिकडे काढू द्या, असा अर्ज दिला. तो काही वेळेत झाला नाही. तिकडच्या ठाण्याचा अहवाल लागतो, दिवाळीच्या सुट्ट्या आल्या, रजाच संपली. पण अर्ज घेणाऱ्या बाबूने सांगितलेली गोष्ट पुढे कामी आली: पुढच्या वेळी मूळ अर्जातच तिकडचा पत्ता टाका आणि जामीनदार बहिणीच्या नवऱ्याला करा.

तिसरं सगळ्यात अवघड होतं. मेलेल्या मुलाचा मोठा भाऊ आमच्या मागच्या गल्लीत पिठाची चक्की चालवतो. खुनानंतर आम्ही त्या चक्कीवर दळण टाकलं नव्हतं, एकमेकांकडे पाहिलंही नव्हतं. मी एकटा गेलो असतो तर धमकी द्यायला आला असंच झालं असतं. अहवालात त्यांनी लिहून दिलंच होतं. म्हणून विहाराचं काम पाहणाऱ्या एका काकांना मध्ये घेतलं. रेल्वेतून निवृत्त झालेले, दोन्ही घरांत मानले जातात. त्यांनी दोघांना संध्याकाळी विहारात बोलावलं. धाकट्याला नाही आणि त्या चुलतभावालाही नाही. फक्त दोन्हीकडचे मोठे.

मी काय बोलायचं ते घोकून गेलो होतो. त्याच्यासमोर बसल्यावर काही आठवलं नाही. त्यानेच सुरुवात केली. म्हणाला, "तुमच्या भावाकडं माऊझर आहे म्हणतात. आमच्या आईनं चार दिवसांपासून दार उघडं ठेवलं नाही. दळणाले येणारे लोक पण कमी झाले."

मी म्हटलं, नाही. त्याने मोबाईल काढून व्हिडिओ दाखवला. मी त्याला सांगितलं तो लायटर आहे. त्याला खरं वाटलं नाही, म्हणून काकांनी त्या पोराला तिथेच बोलावून लायटर आणवला. काकांनी तो पेटवून दाखवला. चक्कीवाल्याने तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि खाली ठेवला. मग म्हणाला, "आमचं पोट्टंबी कुठून तरी आणाच्या गोष्टी करून राहिलं होतं. म्हणे त्याच्याकडं आहे त आपल्याकडंबी पाहिजे."

म्हणजे आमच्याकडे नसलेल्या कट्ट्यामुळे त्यांच्याकडे कट्टा येणार होता, आणि त्यांच्याकडे येईल या भीतीने आमच्याकडे. फुटपाथवरचा एक लायटर. मी हे आजही कोणाला सांगतो तेव्हा लोक हसतात.

माफी, समेट असलं काही झालं नाही. ते होणारही नव्हतं, त्याचा भाऊ मेला आहे. काही गोष्टी ठरल्या. धाकटा त्यांच्या गल्लीतून जाणार नाही, चौकातून वळसा घेईल. आणि त्यांचा पोरगा हजेरीच्या जागी किंवा रस्त्यात मागे लागणार नाही. काहीही ऐकू आलं तर पोरांना न सांगता आधी काकांना फोन करायचा. व्हिडिओ त्या पोरांनी काढून टाकावा हे मीच म्हटलं. त्यांनी कुरकुर केली, मग काढला.

उरलेली रजा धाकटा माझ्यासोबत दुकानात बसला. सकाळी नऊला शटर उघडायचं, रात्री आठला बंद. कूलरच्या मोटारी दिवाळीत कोणी आणत नाही, पण पंपाच्या येतात. त्याने जुन्या वाइंडिंगची तार काढायला घेतली, हात काळे करून घेतले. पोरं दुकानात यायची तेव्हा मी त्यांना काम सांगायचो, हे उचल, ते आण. दोन-तीन दिवसांत येणं कमी झालं. त्या माऊझरवाल्याचा फोन आला तेव्हा धाकट्याने माझ्यासमोर उचलला आणि "नाही पाहिजे" म्हणाला. आधी त्याने चार वेळा माझ्याकडे पाहिलं. मी मोटारीकडे पाहत राहिलो. परतायच्या दिवशी आम्ही दुपारीच गेटवर होतो. वेळ संध्याकाळची होती, पण मला रस्त्यातल्या गर्दीचीही भीती वाटत होती.

वेळेत परत जाण्याचं महत्त्व दोन वर्षांनी कळलं. 2019 मध्ये दुसरी फर्लो काटोल तालुक्याच्या पत्त्यावर झाली, तीही वेळेत संपवली. मग कोरोना आला. 8 मे 2020 ला सरकारने नियम बदलून तातडीची पॅरोल सुरू केली, जेलमधली गर्दी कमी करायला. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्यांना अट अशी की याआधीच्या दोन्ही वेळा तो रजेवरून वेळेत परत आलेला पाहिजे. धाकट्याच्या बराकीतल्या कित्येकांना या एका अटीमुळे मिळाली नाही. एक जण आईच्या तेराव्यासाठी चार दिवस थांबला होता, तेवढ्यावर अडला. धाकट्याला मिळाली. आधी 45 दिवस, मग 30-30 दिवसांनी वाढत गेली, साथीची अधिसूचना होती तोवर. जवळजवळ दोन वर्षं तो बहिणीकडे राहिला. हजेरी महिन्यातून एकदा, गावच्या ठाण्यात. तिथे त्याला कोणी भाई म्हणत नव्हतं, 'बागवाल्याचा साळा' म्हणत. आंबिया बहाराची छाटणी, ड्रीपच्या नळ्या, डिंक्या रोगाला बोर्डो पेस्ट लावणं, सगळं शिकला. पहिल्या महिन्यात संध्याकाळी बागेबाहेर कुत्रं भुंकलं तरी उठून बसायचा, असं ताई सांगते. नंतर झोपायला लागला, दिवा बंद करून.

वस्तीत त्याच काळात वेगळं घडलं. त्याच्याच केसमधला नव्हे, पण आमच्याच भागातला एक जण तसाच पॅरोलवर आला होता. आपल्या घरीच राहिला. काही महिन्यांत त्याच्याकडे देशी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं सापडली. चालवला नव्हता. त्याच्या बायकोने मला सांगितलं की रोज रात्री तो उशाशी घेऊन झोपायचा आणि घरातल्या कोणालाच झोप यायची नाही. तो आता नव्या केससह आत आहे. त्याच्या घरच्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांना काटोलची बहीण नव्हती.

परत जायची वेळ आली तेव्हा एक कडू गोष्टही कळली. बाहेर काढलेली ती जवळजवळ दोन वर्षं शिक्षेत धरली जाणार नाहीत. 2023 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं: मुदतपूर्व सुटकेसाठी प्रत्यक्ष भोगलेली शिक्षा मोजताना पॅरोलचा काळ वगळायचा. धाकटा म्हणाला, चालते. मला त्याच्याइतकं सहज घेता आलं नाही. आई आता थकली आहे.

या सगळ्यात साथ देणारे लोकही आहेत. अमरावतीला 'वऱ्हाड' नावाची संस्था बंद्यांच्या कुटुंबांसाठी काम करते, आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून पोलीस ठाणी आणि तुरुंगांत काम करतो. अशाच कामातल्या एका ताईंशी माझी ओळख झाली. मी त्यांना लायटरची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी शिकागोचं सांगितलं. तिथे 2002-03 च्या सुमारास पश्चिमेकडच्या काही वस्त्यांत पॅरोलवर नुकत्याच सुटलेल्या, आधी बंदुकीच्या गुन्ह्यात असलेल्या लोकांना तासाभराच्या बैठकीला बोलवायला सुरुवात केली. पोलीस ठाण्यात नाही. बागेतल्या सभागृहात, शाळेत, वाचनालयात. एका टेबलाभोवती सगळे. पोलीस आणि सरकारी वकील सांगायचे की बंदूक घेतली तर नेमकं काय होईल. मग पूर्वी तुरुंगात राहून आलेला माणूस सांगायचा की त्याने स्वतःला कसं वाचवलं. मग काम, शिक्षण, व्यसनमुक्तीवाले आपापले पत्ते द्यायचे. पापाक्रिस्तोस, मेअर्स आणि फेगन या तिघांनी 2007 मध्ये त्याचा अभ्यास छापला. त्या भागांत खुनांचं प्रमाण सुमारे 37 टक्क्यांनी कमी झालं, आणि त्यात या बैठकांचा वाटा सर्वात मोठा होता.

आपल्याकडे गुन्हेगारांना बोलावतात ते बहुतेक परेडसाठी. रांगेत उभं करून दम देतात. त्याचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही, काही पोट्ट्यांना त्याचीच गरज असते. पण धाकट्याला दम देणारे पुष्कळ भेटले होते. 'तू घाबरला आहेस का' असं विचारणारं कोणी नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, तीस हजारांनी ते बाहेर आलं.

पैशाबद्दल एक सांगून ठेवतो. 1 मे 2022 पासून राज्य सहकारी बँकेने येरवड्यात बंद्यांसाठी 'जिव्हाळा' नावाची कर्ज योजना सुरू केली, पन्नास हजारांपर्यंत, 7 टक्के व्याजाने, परतफेड जेलमधल्या मजुरीतून. घरच्या अडचणीसाठी असं काही मिळत असेल तर तुरुंगातल्या कार्यालयात विचारा. रजेवर आलेल्या माणसाच्या खिशात स्वतःचे दोन पैसे असले तर तो दुसऱ्याच्या चहाला बांधला जात नाही.

धाकट्याच्या त्यानंतरच्या सगळ्या फर्लो बहिणीकडेच झाल्या. आई तिकडे जाऊन राहते, सणही तिकडेच होतो. सुटायच्या दिवशी मी आणि भाऊजी दोघंच गेटवर जातो आणि कोणाला आधी तारीख सांगत नाही. मागच्या पोळ्याला चक्कीवाल्याकडे मी दळण टाकलं. त्याने दळून दिलं, पैसे घेतले. बोललो नाही.

ज्यांचा माणूस आत आहे त्यांनी अर्जावर पत्ता लिहायच्या आधी दहा मिनिटं विचार करावा, इतकं तरी करावं. आणि ठाण्यातल्या साहेबांना हात जोडून एक विनंती आहे. रजेवर आलेल्या माणसाची हजेरी लिहिताना समोरच्या पार्टीतलं कोणी त्याच दिवशी, त्याच वेळी येतं का, एवढं रजिस्टर चाळून पाहा. आमच्या हवालदारसाहेबांना पाच मिनिटं लागली होती.